उजवा पाय बाबांचा

ती. ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (माझ्या पायाचं पुढे येतंच आहे). तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि त्यांचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आई अजून कुणाला ओळखत नाही आणि घास पुढे केला की तोंड मिटून घेते. मध्यंतरी जेवायला लागली होती. का, ते सांगायलाच हे पत्र.

माझ्या उजव्या नडगीवरची जखम (साखरेची कृपा) काही केल्या भरेना, तेव्हा डॉक्टरांनी थंड प्लाझ्माचा (न भाजणाऱ्या विजेच्या ज्योतीने जखम शेकायचा) घाट घातला. पेनाएवढं यंत्र, टोकाला जांभळी ज्योत. मी भीतीने खुर्चीचा हात घट्ट धरला (तो सिस्टरबाईंचा निघाला). पण चटका नाही, काही नाही. वीज पडून गेल्यावर येतो तसला वास, आणि नुसती फुंकर. ताई, फुंकर अगदी बाबांची! आपण गुडघे फोडून आलो की ते घालायचे तशी, मध्येच थांबून, दम घेऊन. सिस्टरबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, यंत्र मध्ये थांबत नाही.

जखम भरली, डॉक्टर खूश. पण नव्या कातडीवर तीळ उगवला, बाबांचा, मधल्या केसासकट. मग पाय आपला आपणच हलायला लागला, ते पेपर वाचताना हलवायचे तसा. सकाळी मी अंथरुणात आणि हा फाटकाकडे निघालेला, मला फरफटत मागे जावं लागतं. बाबा गेल्यावर त्यांच्या बुटांवरून भांडून आपण एकेक वाटून घेतला होता ना? (अशी शहाणी भावंडं शोधून सापडायची नाहीत.) माझ्या वाटचा उजवा मला ढगळ व्हायचा. परवा पाय सरळ जाऊन त्यात बसला, अगदी मापात.

आईने तो पाय पाहिला आणि हाताने स्वतःचे केस सारखे केले. तेव्हापासून पाय शेजारी ठेवला की ती तक्रार न करता जेवायची, त्याच्याशी गप्पा मारायची. माझ्या वरच्या भागाकडे ढुंकूनही बघायची नाही. वाईट वाटायचं, पण ती जेवते याचं बरंही वाटायचं. काल मात्र घास अडवून म्हणाली, "अहो, एकाच पायाने आलात? दुसरा कुठे ठेवलात?" आणि तोंड मिटलं, ते अजून उघडलेलं नाही.

काळजी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. लगेच निघ, आणि बाबांचा डावा बूट न विसरता आण.

ता. क. दुसरा : आज सकाळी डाव्या नडगीला पत्रा लागला (लावून घेतला). सिस्टरबाईंनी उद्याची वेळ दिली आहे. तोंडावर कुठे कापू नये म्हणून दाढी करणं मात्र बंद केलं आहे.