तांबुळखेड्याला नेलेली लस

मनमाड,
ता. ४ मे १९४५

ती. हन्नाआक्कास,
यशयाचा शि. सा. सलाम वि. वि.

पत्र मनमाडहून आलेलं पाहून तू बुचकळ्यात पडशील. मी शांतवनदादाकडे उतरलो आहे. तांबुळखेड्यात पटकी सुरू झाली. आठ दिवसांत अकरा माणसं गेली. नेवाशाच्या मिशन दवाखान्यात ते गाव ठाऊक असलेला कंपाउंडर मी एकटाच, म्हणून पाळक अब्राहामभाऊंनी लसीची पेटी माझ्या हाती दिली आणि उद्याच निघा म्हणाले. मी हो म्हणालो. सकाळी पेटी घेऊन मोटारीत बसलो, ती तांबुळखेड्याच्या वाटेची नव्हे, बेलापूर स्टेशनची. तिथून गाडी मिळाली मनमाडची.

दोन वर्षांपूर्वी त्याच गावाने पटकीच्या दिवसांत आपल्या लोकांना विहिरीवर येऊ दिलं नाही. सूर्यभान पाटील काठी घेऊन काठावर बसायचा. ओढ्यातलं पाणी पिऊन आमची पोर सुभक्ती गेली. हे तुला सांगायला नको, आणि अब्राहामभाऊंनाही ते ठाऊक होतं.

पेटी इथे माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवली आहे. मेरीला यातलं काही कळवू नकोस. ती जेवते ना?

लोभ आहे, तो उणा होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ,
यशया

भिंगार,
ता. ७ मे १९४५

चि. यशयास,
हन्नाआक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज पोचलं. मेरीला कळवू नको लिहितोस, पण टपाल तीच घेते आणि तुझ्या बायकोला वाचता येतं. वाचून तिने ते माझ्या पुढ्यात ठेवलं आणि भांडी घासायला गेली. जेवते. वाढलं तेवढं जेवते, पुन्हा मागत नाही. सुभक्तीला पुरल्यापासून ती कुणाला काही विचारत नाही.

लहानपणी आई तुला सरपणाला धाडायची आणि तू काकूकडे भाकर खाऊन रिकाम्या हाताने परत यायचास. खोड जुनीच आहे. पण तेव्हा तुझ्या हातात पेटी नव्हती.

काल संडेस्कूलात योनाची गोष्ट सांगितली: देवाने त्याला निनवे शहराला धाडलं, तो उलट दिशेच्या जहाजात बसला आणि माशाने त्याला गिळलं. मुलांना मासा आवडतो, पुढचं कुणी ऐकत नाही. योना भिऊन पळाला असं मला वाटत नाही. निनवेच्या लोकांनी इतकं वाईट केलेलं, आणि देव त्यांना माफ करील हे त्याला माहीत होतं. ते त्याला पाहायचं नव्हतं. शेवटी पाहावं लागलं तेव्हा तो रागावून मरण मागत बसला. देवाने त्याला हाकललं नाही, त्याच्याशी बोलत राहिला.

मी तुला योना म्हणत नाही. लस किती दिवस टिकते तेवढं कळव. किंवा कळवूच नकोस, नीघ.

तुझी आठवण काढणारी,
आक्का

नेवासा,
ता. १९ मे १९४५

ती. आक्कास,
शि. सा. सलाम वि. वि.

दहा तारखेला तांबुळखेड्यात पोचलो. काल परत आलो. दोनशे चाळीस माणसांना टोचलं, विहिरीत लाल औषध टाकलं. चौदा तारखेनंतर नवा आजारी नाही.

मी मनमाडला बसलो तेवढ्या दिवसांत सहा माणसं गेली. त्यांत मच्छिंद्र कोतवालाची आई बनुबाई. सुभक्ती आजारी असताना त्या बाईने चोरून आमच्या दारात एक घागर ठेवली होती. गावात तेवढी एकच घागर आली आम्हाला. हे कळलं तेव्हा मी हातातली सुई खाली ठेवली नाही. रांग होती.

सूर्यभानची नात अंथरुणाला खिळली होती. घरचे जवळ जाईनात. मी दोन दिवस तिच्यापाशी बसून मिठाची पेज चमच्याचमच्याने पाजली. पाजताना वाटत होतं, ही मरावी. आक्का, मी हे खरं लिहितो आहे. हात मात्र थांबले नाहीत. पोर वाचली.

निघताना सूर्यभानने स्वतः पाणी शेंदून माझ्यापुढे तांब्या धरला. पयलं तुमी प्या, म्हणाला, लई चुकलं आमचं. मी प्यालो. पाणी गोड होतं, एवढंच लक्षात आहे. आपल्या वस्तीच्या बाया आता त्या विहिरीवर येतात. किती दिवस, माहीत नाही.

वाटेत देवाला म्हणालो की तू यांना वाचवणार हे मला ठाऊक होतं, मग आमच्या वेळी काय झालं होतं. पुढे पायवाट संपली आणि सडक लागली. रडू आलं नाही.

तुझा,
यशया

भिंगार,
ता. २३ मे १९४५

चि. यशयास,
अनेक आशीर्वाद.

तू देवाला जे विचारलंस त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. असतं तर दोन वर्षांपूर्वीच मेरीला दिलं असतं. बनुबाईचं ओझं तुला वाहावं लागेल. ते मी हलकं करू शकत नाही.

मेरीने तुझं पत्र दोनदा वाचलं. मग माझ्यासमोर तांदूळ निवडत बसली आणि त्या पोरीचं नाव काय, असं तिने विचारलं. मला आधी कळलंच नाही की ती बोलली. मी पत्र पुन्हा पाहिलं. त्यात नाव नाही. तूच तिला लिही.

माया आहे ती राहू दे.
आक्का

नेवासा,
ता. २९ मे १९४५

सौ. मेरीस,
सप्रेम सलाम.

नाव मीही विचारलं नव्हतं. दोन दिवस तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तरी नाही. म्हणून आज नऊ मैल चालत तांबुळखेड्याला गेलो. या वेळी मला कुणी पाठवलं नव्हतं.

तिचं नाव ठकू. सहा वर्षांची आहे. अजून अशक्त आहे, पण भिंतीला धरून चालते. पुढचे दोन दात पडलेत. माझ्या बायकोने तुझं नाव विचारलंय असं मी तिला सांगितलं. त्यावर तुमच्या पोरीचं नाव काय हुतं, असं तिने विचारलं; घरात काही ऐकलं असावं. सूर्यभान उठून बाहेर गेला.

मी सांगितलं. ठकूला ते नीट म्हणता येईना. सुबती, सुबती, करू लागली. मी तिच्याजवळ बसलो आणि ती बरोबर म्हणेपर्यंत सांगत राहिलो.

शनिवारी भिंगारला येतो.

तुझा,
यशया