मर्तिकाच्या पातेल्यातली पेज

सोमवार, १४ जानेवारी. पहाटे ५ वाजून ४० मिनिटे.
शाळेच्या आंब्याखाली उलट्या बादलीवर बसून लिहीत आहे. चूल अजून पेटलेली नाही. लाकूड ओले आहे. मी मात्र तयार आहे.

आजपासून चिकोला शाळेच्या २१२ मुलांना रोज सकाळी सात वाजता गरम पेज मिळणार आणि ती माझ्या देखरेखीखाली शिजणार. शनिवारच्या पालकसभेत मी स्वतःहून हात वर केला. एनेलेसी (माझी पत्नी) म्हणते की मी माशी हाकलत होतो. माशी होती, हे खरे. पण निर्णयही होता.

पुरुष माणूस चुलीपुढे उभा राहणार म्हटल्यावर सभा बराच वेळ हसली. बायकोच्या गावी राहणाऱ्या घरजावयाला हसणे नवे नसते. दोन वर्षे झाली, अजून मला इथे कोणी नावाने हाक मारत नाही. सगळ्यांचा मी 'जावईबापू'. महिन्याभरात लामेक हे नाव गावाला पाठ होईल.

परिस्थिती गंभीर आहे. मक्याच्या कणग्या रिकाम्या. नव्या मक्याची हिरवी कणसे हाती यायला मार्च उजाडेल. घरोघरी एकदाच, संध्याकाळी जेवण. दुसरीची मुले फळ्याकडे बघता बघता जमिनीवर लवंडतात आणि गुरुजी त्यांना उठवत नाहीत. पीठ देणाऱ्या संस्थेच्या मॅडमनी एक महिन्याचे पीठ दिले आहे. एकही दिवस चूल बंद राहिली नाही, तर १५ फेब्रुवारीनंतर मार्चअखेरपर्यंतचे पीठ येईल. एक दिवस जरी चुकला, तरी ट्रक दुसऱ्या शाळेकडे वळेल.

शाळेचे पेज शिजवायचे पिंप सुट्टीत चोरीला गेले. म्हणून गावाचे मर्तिकाचे (पाहुण्यांचे जेवण रांधायचे) मोठे पातेले मागून आणले. गावप्रमुख म्हणजे माझ्या सासूबाईंच्या थोरल्या बहीण. पातेले देताना त्या म्हणाल्या, "जावईबापू, न्या. पण गावात कोणी गेलं, की तासाभरात हे माझ्या अंगणात हवं. मेलेला माणूस थांबतो, पाहुणे थांबत नाहीत."

मी म्हणालो, चिंता नसावी.

त्याच दिवशी, दुपारी.
पेज साडेनऊला तयार झाली. गुठळ्या होत्या. गुठळीत पीठ जास्त असते, म्हणजे पोषणही जास्त. डोरिकाची आई (माझी सहायक, आठ वर्षांचा अनुभव) म्हणाली, "पेज प्यायची असते जावईबापू, चावायची नसते." मुलांनी मात्र कप चाटून परत दिले. एका मुलीने कपात पाणी घालून, हलवून, तेही पिऊन टाकले. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. धूर फार होता.

बुधवार, १६ जानेवारी.
सकाळी ८ला पेज. प्रगती.
वाईट बातमी. सामिसोनी आजोबा (सासूबाईंचे मामा, वय ऐंशीच्या पुढे) खोकून खोकून बसले आहेत. चार दिवसांपासून अन्न गेलेले नाही. गावातले सगळ्यांत म्हातारे तेच.
विचार केला. पातेले एक. मर्तिक तीन दिवसांचे. तीन दिवस चूल बंद.
आजोबांविषयी मला पूर्वीपासूनच ओढा आहे. आज प्रकर्षाने जाणवला. लगेच भेटायला गेलो.
त्यांच्यात रीत आहे, आजोबाने नातीला 'माझी बायको' म्हणायचे. मला बघताच म्हणाले, "आलास चोरा? माझी बायको पळवलीस, आता चटईही पळवायला आलास?" आवाज क्षीण होता. थट्टा करता येते म्हणजे निदान आठवडाभर धोका नाही, असा अंदाज बांधला.

शुक्रवार, १८ जानेवारी.
आजपासून माझ्या वाट्याची पेज आजोबांना नेऊन देतो. सेवा म्हणून. त्यांनी अर्धा कप घेतला. नाडी पाहिली. नाडी कशी पाहतात ते मला येत नाही, पण मनगट गरम होते.
संकल्प : (१) रोज भेट. (२) स्वतःच्या भुकेचा उल्लेख करायचा नाही.
दुपारी फार भूक लागली.

मंगळवार, २२ जानेवारी.
हजेरी १८८! पेज सुरू होण्याआधी शंभर मुलेही येत नसत. हे श्रेय कोणाचे, ते लिहीत नाही.
एनेलेसीची तक्रार : "अहो, सकाळी उठल्या उठल्या तुम्ही विचारता, 'आजोबा आहेत ना?' मी आहे का, हे कधी विचारलंत?"
मी तिला समजावले, की ती चोवीस वर्षांची आहे.
हे उत्तर तिला आवडले नाही.

शुक्रवार, २५ जानेवारी.
आजोबांनी आज पूर्ण कप संपवला आणि वर विचारले, "साखर मुलांना घालता, मला का कमी?" सुधारणा आहे.
मग डोळे मिटून म्हणाले, "खरं सांग, तू मला बघायला येतोस की पातेल्याला?"
मी म्हणालो, आजोबा, काय हे!
ते हसले, हसताना खोकले. मी पाठ चोळली. म्हणाले, "मला सगळं कळतं रे. मी मेलो तर पोरं उपाशी राहतील. अरे, आजवर माझ्या जगण्याची एवढी गरज कोणालाच पडली नव्हती. मेलेल्या माझ्या दोन्ही बायकांनाही नाही. बघतो मी. जमेल तितकं जमवतो."
कप उचलून आलो. उद्यापासून साखर अर्धा चमचा जास्त.

मंगळवार, २९ जानेवारी. सकाळी ११.
मन शांत ठेवून लिहीत आहे.
व्यवस्थेत शिस्त यावी म्हणून मी सातवीच्या फळ्यावर 'पेज-नियमावली' लिहायला घेतली. सतरा नियम. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. त्यापूर्वी पातेले चुलीवर ठेवले होते आणि आज लाकूड कोरडे मिळाल्याने जाळ उत्तम होता. पाणी घालायचे बाकी होते. नववा नियम ('पातेल्याची निगा') लिहीत असताना डोरिकाच्या आईची किंकाळी ऐकू आली.
पातेल्याच्या बुडाला भोक पडले आहे. माझा हात जाईल एवढे. हात घालून पाहिला नाही, गरम होते.
मी तातडीने पर्यायी व्यवस्था केली. म्हणजे डोरिकाच्या आईने शाळेच्या दारात उभे राहून हाका मारल्या आणि अकरा घरांतून अकरा भांडी आली, कुठे तीन दगडांवर, कुठे दोन विटांवर चढली. मी पळी घेऊन या चुलीवरून त्या चुलीवर धावत होतो. एक बाई म्हणाली, "जावईबापूंना कोणीतरी धरून बसवा हो, पोराच्या अंगावर पडतील." दहा वाजता सगळ्या मुलांना पेज मिळाली. दिवस चुकला नाही.
पातेले पिठाच्या पोत्यांमागे पालथे ठेवले आहे. प्रमुखांना सांगण्यात अर्थ नाही, त्यांचा रक्तदाब वाढतो. उद्या बाजारच्या भांडी सांधणाऱ्याकडे गुपचूप नेईन.
आजोबांकडे दोन कप पेज नेली. विचारले, कसे वाटते? म्हणाले, "तुला काय झालंय? तोंड माझ्यापेक्षा मेल्यासारखं दिसतंय."

बुधवार, ३० जानेवारी. सूर्यास्ताच्या सुमारास.
दिवसाचा वृत्तान्त नीट क्रमाने लिहितो, कारण डोक्यात गोंधळ आहे.
पेज घरोघरच्या भांड्यांतून वाटून झाल्यावर पातेले सायकलच्या मागे बांधले. कोणाला कळू नये म्हणून एनेलेसीचे काळे लुगडे वरून गुंडाळले. गावाबाहेर पडलो.
रस्त्यात अनुभव फार चांगला आला. समोरून येणारे पुरुष मला बघून सायकलवरून उतरत होते, टोप्या काढत होते. बायका डोक्यावरचे ओझे खाली ठेवून गुडघ्यांवर बसत होत्या. माझ्या कामाची कीर्ती इतकी पसरली असेल, असे मला वाटले नव्हते. पुलाजवळ एका म्हातारीने माझ्या हातात २०० क्वाचांची नोट ठेवली, काही न बोलता. पेज-योजनेला मिळालेली ही पहिली देणगी. तिचे नाव विचारून घेतले, पावती द्यायची म्हणून.
सांधणारा म्हणाला, "हे ठिगळ परवा मिळेल. साडेतीन हजार." मी आगाऊ हजार दिले आणि मोकळा परत निघालो.
गावाच्या वेशीवरूनच रडण्याचा आवाज आला.
माझे पाय सायकलच्या पायडलवर थांबले. आवाज सामिसोनी आजोबांच्या अंगणातून येत होता. सायकल टाकून धावलो. सकाळी तर कप पूर्ण संपवला होता! आणि खरे सांगतो, त्या क्षणी पातेले डोक्यात नव्हते. नंतर आले. आधी नव्हते.
अंगणात सगळे गाव. बायका जमिनीवर बसलेल्या, आकांत करता करता मध्येच थांबलेल्या. प्रत्येक घराने रीतीप्रमाणे सुपलीभर पीठ आणि एकेक लाकूड आणलेले. शेजारच्या गावाने मदत म्हणून त्यांचे मर्तिकाचे पातेले पाठवलेले. आणि मध्यभागी, झोपडीच्या दारात, चटईवर सामिसोनी आजोबा बसलेले, हातात कप, आलटून पालटून एकेकीकडे बघत.
मला बघून ओरडले, "ये रे चोरा! बघ, केवढं मोठं मर्तिक झालं माझं! ती चुलतभावजय, वीस वर्षं माझ्याशी बोलत नव्हती, सगळ्यांत मोठ्यानं रडली. मी आतून उठून आलो, मागून खांद्यावर हात ठेवला तर पळालीच!"
हळूहळू उलगडा झाला. मर्तिकाचे पातेले काळ्या कापडात गावाबाहेर जाताना दिसले, की कोणीतरी गेले, हे इथले पोरही जाणते. कोण गेले असेल, याबद्दल कोणाला शंका नव्हती. मी रोज नाडी बघत होतो ना.
मग थोरल्या मावशी उठल्या. गावप्रमुख म्हणून उठल्या. "जावईबापू, पातेलं कुठे आहे?"
मी सांगितले. सगळे. नववा नियमसुद्धा.
मग डोरिकाची आई हसली, आणि रडून रडून डोळे सुजलेल्या त्या सगळ्या बायका इतक्या हसल्या, की दोघींना पाणी द्यावे लागले.
प्रश्न राहिला पिठाचा आणि लाकडांचा. मर्तिकाला आणलेले पीठ घरी परत नेत नाहीत. अशुभ. पण मर्तिक तर नाही. सगळ्यांनी आजोबांकडे पाहिले.
आजोबा म्हणाले, "माझ्या नावानं आणलंत ना? मग माझंच. रडून झालं असेल तर उद्या पोरांना त्याची पेज घाला. लाकडंही कोरडी दिसतायत. पाहुण्यांचं पातेलं आहेच. आणि याला चुलीजवळ फिरकू देऊ नका."

गुरुवार, ३१ जानेवारी.
पेज बरोबर सातला. गुठळी एकही नाही. हजेरी २१२, म्हणजे पूर्ण. दुसरीचे एक पोर धड्यात झोपले नाही, उलट शेजारच्याला मारताना सापडले आणि गुरुजींनी त्याला आनंदाने उभे केले.
मी दूर आंब्याखाली उभा होतो. व्यवस्थापनाला अंतर लागते.

शुक्रवार, १ फेब्रुवारी.
पातेले आणले. ठिगळ मजबूत आहे. या वेळी भर दुपारी, उघडे, आणि वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत : "कोणी गेलेले नाही! दुरुस्ती!" पाहुण्यांचे पातेले परत केले. पुलाजवळच्या म्हातारीला दोनशे परत द्यायला गेलो. घेईना. म्हणाली, "एकदा दिलेलं परत घेतलं तर माझ्या घरचं कोणी जाईल. आजोबांच्या खऱ्या वेळेला वापर." मी म्हणालो, ती वेळ मार्चनंतरच येईल, तसे ठरले आहे.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी. दुपारी २.
मॅडम आल्या. मी भाषण लिहून ठेवले होते, चार पाने. इस्त्रीचा सदरा घातला होता. मी पुढे झालो तोवर त्या डोरिकाच्या आईच्या चुलीपाशी जाऊन पेज चाखत होत्या. मग त्यांनी चौथीच्या मुलांना विचारले, ही पेज कोणाची? मुले एका सुरात म्हणाली, "सामिसोनी आजोबांची!" आजोबा मानाच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी हात हलवला.
एकही दिवस चुकलेला नाही, असे मॅडमनी लिहून घेतले. पीठ मार्चअखेरपर्यंत मंजूर.
नंतर थोरल्या मावशींनी सर्वांसमोर कामांची नवी वाटणी सांगितली. स्वयंपाक : आयांकडे, पाळीपाळीने, पूर्वीप्रमाणे. लामेककडे (नाव घेतले! सर्वांसमोर!) दोन कामे : पातेले घासणे, आणि आजोबांना रोज कप पोचवणे. "ते त्याला चांगलं जमतं," असे म्हणाल्या.
मला स्वतंत्र खाते देण्यात आले आहे, असा याचा अर्थ. दुसरा कोणताही अर्थ मला काढायचा नाही. ठिगळाच्या कडेला पेज चिकटते, ती काढायला राखेपेक्षा वाळू बरी पडते, हे आज कळले.
संध्याकाळी कप घेऊन गेलो तेव्हा आजोबांनी विचारले, "आता पीठ मिळालं. आता मी मोकळा ना?"
मी म्हणालो, अजिबात नाही.

आजवरचा हिशेब.
खर्च : भांडी सांधणारा, आगाऊ १,००० क्वाचा. सायकलचे पंक्चर ३००. साखर (आजोबांची) ८५०.
देणे : भांडी सांधणारा २,५००, सासूबाईंना न कळता. एनेलेसीला एक लुगडे, जुन्यावर काजळी आहे.
म्हातारीचे २०० : कापडाच्या घडीत, वेगळे. न मोडण्याचा निश्चय.
आणखी देणे : सामिसोनी आजोबांना नव्या मक्याची दोन हिरवी कणसे, भाजलेली, मार्चमध्ये. ती घ्यायला ते हजर राहतील असे त्यांनी कबूल केले आहे. त्यांना दात नाहीत. दाणे मीच काढून देणार आहे.