आत्या, बँकेत जाऊ नकोस

९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय आत्या,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, आणि तू विणलेला स्वेटर घालूनच हे लिहिते आहे. बाह्या जरा लांब झाल्यात, पण दुमडल्या नाहीत की बोटं गरम राहतात. आतोबांचं पोट कसं आहे? फोनवर ते "एकदम झकास" म्हणतात, पण आवाज आडवं पडून बोलल्यासारखा येतो. खरं काय ते तू सांग.

इकडे नवीन काही नाही, असं लिहिणार होते. ते खोटं झालं असतं.

गुरुवारी कंपनीत पैसे गुंतवणारी मंडळी आली होती. त्यांनी पैसे घातले तर आमची पुढची, मोठी चाचणी होईल. नाही घातले तर कुलूप. ज्यांनी ही कंपनी काढली त्या मॅडम आदल्या दिवशी स्वतः फडकं घेऊन खिडक्या पुसत होत्या. माझ्या शेजारी काम करणारा लंबू म्हणाला, "जिवाणूंनाही भांग पाडायला सांगू का?"

आतोबांना वाचून दाखवशील म्हणून पुन्हा लिहिते: निरोगी माणसाच्या आतड्यात राहणारे दोन जातींचे जिवाणू आम्ही वाढवतो, सुकवतो आणि कॅप्सूलमध्ये भरतो. आजारी पोटात ते पुन्हा नांदावेत, एवढीच आशा. त्यांना हवा सोसत नाही, म्हणून ते बंद पेटीत असतात आणि मी पेटीला बसवलेल्या लांब हातमोज्यांत हात घालून त्यांची उस्तवार करते. दोघांतला एक गुणी आहे. दुसरा सुकवताना कधी जगतो, कधी सगळाच्या सगळा मरतो. का, ते अजून कळलेलं नाही.

पाहुणे आले की जिवाणू भरघोस वाढलेल्या काचेच्या बश्या पुढे मांडायच्या आणि मेलेल्या मागच्या फळीवर ठेवायच्या, अशी आमच्याकडे रीत आहे. मी दोन्ही पुढे मांडल्या. मॅडमनी ओठ आवळले, पण उचलायला सांगितलं नाही.

पाहुण्यांतले एक गृहस्थ फार खूश होते. छोट्या चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्णांना बरं वाटलं, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांच्याबरोबरच्या वयस्क बाई म्हणाल्या, "अहो, तुलनेसाठी रिकामी कॅप्सूल दिलेल्यांनाही बरं वाटलंय की! फरक उरतो तो चिमूटभर." (हे कंपनीने जाहीर केलेलं आहे, म्हणून लिहिते. जाहीर नसलेला एक आकडाही लिहिणार नाही.)

मग त्या माझ्याकडे वळल्या. "काय गं, तुझ्या घरच्यांना यात पैसे घालायला सांगशील?"

आत्या, मला तुझं दुकान आठवलं. शाळेत जायच्या आधी तू मला डोळे तपासायच्या तक्त्यावरून अक्षरं शिकवलीस. अगदी खालची, मुंगीएवढी ओळ मी अंदाजाने म्हणू लागले की तू म्हणायचीस, "दिसत नसेल तर दिसत नाही म्हण. चुकीचा नंबर निघाला तर माणूस जिन्यावरून पडेल."

मी म्हणाले, "माझी आत्या चष्म्याचं दुकान विकून आलेले पैसे यात घालायला निघाली आहे. मी तिला नको म्हणणार आहे."

लंबू छताकडे बघत होता.

"मग तू इथे का राबतेस?"

"हे औषध लागू पडेल असं मला वाटतं म्हणून. पण माझ्या वाटण्यावर तिचं म्हातारपण टांगायचं नाही मला."

कळवतो म्हणून मंडळी गेली. मॅडमनी मला आत बोलावलं. राजीनाम्यात काय लिहायचं ते मनात जुळवतच मी गेले. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या वडिलांनीही विचारलं होतं. मी 'घाला' म्हणाले. हल्ली ते मला कंपनीचं काहीच विचारत नाहीत." मग म्हणाल्या, "जा, कामाला लाग."

तुझ्याआधी परक्यांना सांगितलं, हे मला फार लागलंय. फोनवर सांगायला जाते, तर तू "तू आहेस ना तिथे, मग मला कसली भीती!" म्हणतेस आणि मी विषय बदलते. म्हणून लिहिते. महिनाअखेरीला बँकेत जाऊ नकोस.

तुला वाटतं, तुझ्या पैशांनी आतोबांचं औषध लवकर येईल. मलाही तसं वाटून घ्यावंसं फार वाटतं. पण त्या दुसऱ्या जिवाणूला पैसे कोणाचे आहेत ते कळत नाही गं.

हे बुडालं तर मला दुसरी नोकरी मिळेल. तू म्हणशील, "जाऊ दे, पैसेच ते," आणि आतून काहीही होत असलं तरी हसशील. मग मी घरी आले की तू दार उघडशील आणि मी उंबऱ्यावर उभी राहून आधी तुझा चेहरा वाचेन. मला तसं यायचं नाही. मला चपला भिरकावून आत यायचंय.

रागावलीस तर फोन करून हवं तेवढं बोल. दुखावलीस तरी कर. गप्प मात्र राहू नकोस.

तुझ्या फोनची वाट बघत, आणि त्याला घाबरत,

तुझी भाची