दुर्वा तोंड फिरवून बोलते

मु. पो. सापगाव, ता. शहापूर

चि. सुदाम यास,

थोरला भाऊ पंढरी याचा आशीर्वाद. (वयाने मोठं असलं की द्यावा लागतो, म्हणून दिला. लगेच शेफारू नकोस.) इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझा गुडघा कसा आहे, आणि बीपीची गोळी गिळतोस की तुझ्या लेकीची, दिपालीची, पाठ फिरली की खिडकीतून फेकतोस, हे तुझ्या वहिनीने विचारायला सांगितलंय. मला विचारायचं काही कारण नाही. आणि आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे पत्र आलं म्हणून आपला अबोला सुटला असं समजू नकोस. मी तुझ्याशी बोलत नाही, लिहितोय. बोलायचं असतं तर फोन केला असता. माझा शेखर म्हणाला, आबा, मेसेज टाका. पण मेसेज पोचला की खाली दोन निळ्या रेघा येतात, आणि तू वाचून गप्प बसलेला मला दिसला असतास. माझं डोकं तेवढ्यानेच तडकलं असतं. त्यापेक्षा कागद बरा. भगीरथ जीप घेऊन मुरबाडला जातोय, त्याच्या खिशात घालतो.

तर तक्रार ऐक. चार वर्षांपूर्वी शेखरच्या लग्नाच्या पत्रिकेत तुझं नाव राहिलं. राहिलं ते राहिलं! माझ्या मेहुण्याचं आलं, खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ त्यात दीड महिन्याच्या तान्ह्या पोराचंसुद्धा आलं, आणि सख्ख्या भावाचं राहिलं. प्रेसवाल्याची चूक, असं मी दहा जणांसमोर सांगितलं. पण नाही! साहेब हळदीला आले, मांडवाचा खांब धरून उभे राहिले, आणि मटणाचं ताट पुढे आल्यावर म्हणाले, उपास आहे. अरे, उभ्या जन्मात कधी उपास केलास तू? आईने एकदा एकादशीला साबुदाणा दिला तर मागच्या दाराने जाऊन सुकट भाजून खाल्लीस. सगळ्या पाहुण्यांत माझं नाक कापलंस, आणि तिथून आपलं बोलणं बंद.

बोलणं बंद, पण कुंपण एक, विहीर एक, गटाराचा उतार एक. कामाचं काही सांगायचं तर असतंच. म्हणून मी माझ्या भुरी म्हशीकडे तोंड करून बोलायला लागलो. भुरे, सांग त्याला, पंप बंद कर. मग तू तुझ्या शेळीकडे तोंड करून म्हणायचास, सांग त्याला, पंप कवाच बंद केलाय, डोळं फुटलं का. अशी अडीच वर्षं आपण कारभार चालवला आणि तो चाललाही नीट (भुरीने एकदाही निरोप चुकवला नाही, तुझ्या शेळीचं मी सांगू शकत नाही). मग शेखरची दुर्वा झाली. सहा महिन्यांची झाली, बसायला लागली, तशी मी तिला कडेवर घेऊन कुंपणाशी यायला लागलो, आणि आपण दोघांनी म्हशीला सोडून ते काम पोरीला लावलं. दुर्वा, सांग त्याला. दुर्वा, सांग त्याला. ती मेली टकामका इकडे बघायची, तिकडे बघायची.

आता घरात पोरीच्या पहिल्या शब्दावरून काय घोळ चालला होता ते तुला ठाऊक नसेल, कारण तू कुंपणापलीकडचा. नम्रताला वाटत होतं, पहिलं ‘आई’ म्हणेल. शेखर आसनगावच्या कंपनीतून येतो तेव्हा पोर झोपलेली, तरी त्याला ‘बाबा’ पाहिजे. पोर लवकर बोलावी म्हणून तुझ्या वहिनीने वेखंड उगाळून चाटवलं, पोपटाने चोच मारलेला पेरू शोधायला मला झाडावर चढवलं (अडुसष्टाव्या वर्षी, सुदाम! तू खाली उभा राहून शेळीला म्हणालास, सांग त्याला, फांदी कुजकी हाय. पडल्यावर सांगितलंस). आणि मी? मी रोज सकाळी तिला पायांवर उभी करून चाळीस वेळा म्हणायचो, आबा, आबा, आबा. तानसाच्या पाइपलाइनवर तीस वर्षं गस्त घातली, पण एवढी नेमाने कधी घातली नसेल.

तेराव्या महिन्यात पोरीने तोंड उघडलं. नम्रता दुधाची वाटी घेऊन समोर बसली होती. पोरीने वाटीकडे बोट केलं, मग आईकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, “शांग त्याला.” आम्ही सगळे हसलो. मला तर कौतुकच वाटलं, एकदम दोन शब्द! पण मग रोज तेच. भूक लागली, पाठ फिरव, शांग त्याला. चड्डी ओली झाली, पाठ फिरव, शांग त्याला. पुढे शब्द वाढले, दूद आलं, नको आलं, शेली आली, पण काही मागायचं असलं की आधी माणसाकडे पाठ. शेखरच्या सासूबाई आल्या, त्यांनी लाडाने हात पुढे केले, तर ही गर्रकन फिरली आणि कपाटाला म्हणाली, शांग त्याला, ये. सासूबाईंना वाटलं, आम्ही शिकवून ठेवलंय. जेवायला थांबल्या नाहीत.

आणि ‘आबा’? तो शब्दही आला. चाळीस वेळा घोटवलेला माझा शब्द, पोरीने कुंपणावरून तुझ्या अंगावर टाकला. तुला आबा! तू पोरीला काय दिलंस रे? एक खारवलेली चिंच. मी वेखंड उगाळायला सहाण धुतली, मी पेरूवरून पडलो, आणि आबा तू! आणि तू काय केलंस? हसलास. चार वर्षांत पहिल्यांदा मी तुला हसताना बघितलं, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात अंगणवाडीची शीतल आली. वजन केलं, उंची घेतली, पोरीशी बोलायला गेली तर पोरीने तिच्याकडेही पाठ केली. शीतलने विचारलं, हे कुठनं शिकली? घरात कोण असं बोलतं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. नम्रता तोंडाला पदर लावून आत गेली. शीतल वयाने माझ्या सुनेएवढी, पण मला खाली बसवून म्हणाली, “आबा, पोरं ऐकून नाय, बघून शिकतात. तुमी दोघं एकमेकांकडं बघून बोलत नाय. तिला वाटतं, बोलायचं म्हंजी असंच.” मला, आख्ख्या आळीत, माझ्याच ओसरीवर! पोरीला बिघडवली म्हणून!

मी काय केलं ते तू बघितलंस. दुसऱ्या दिवशी शहापुरातून हिरवी जाळी आणली आणि कुंपणाला या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली. ना तू दिसणार, ना पोर तुझ्याकडे बघणार. डोक्यालाच ताप नको. आणि तू, तू लगेच पिशवी भरलीस! जाताना शेळी माझ्या गोठ्यात बांधलीस, न विचारता, आणि भुरीला सांगून गेलास की सांग त्याला, मी मुरबाडला चाललोय, आठ दिवसांत येतो. आठ दिवस? दोन महिने झाले. दिपाली काय तुला पंचपक्वान्नं करून घालते? तुझ्या त्या मुरबाडात साधी रेल्वेसुद्धा नाही, तिथे एवढं बघण्यासारखं आहे तरी काय? इकडे तुझ्या शेळीने माझ्या वालाच्या शेंगा फस्त केल्या, नम्रताची ओढणी खाल्ली, आणि माझ्या चपलेचा अंगठा गेला. ती काही ऐकत नाही, कारण तिला तुझीच सवय.

आणि पोर बोलेनाशी झाली. हे लिहिताना मला संताप येतोय, म्हणून अक्षर बिघडलंय, तेवढं समजून घे. तू गेल्यापासून पहिले पंधरा दिवस ती जाळीशी जाऊन उभी राहायची, शांग त्याला, शांग त्याला. पलीकडून कुणी ओ देत नाही. मग गप्प झाली ती गप्पच. सहा आठवडे झाले. दूद नाही, नको नाही, शेळी समोर उभी असून शेली नाही. शहापूरच्या डॉक्टरांनी कान तपासले, घसा बघितला, सगळं ठीक आहे म्हणाले. नम्रता पाठ करून रडते (ही पण आता पाठ करायला लागली). मी रोज चाळीस वेळा आबा म्हणतो. पोर माझ्या तोंडाकडे बघते, आणि काही म्हणत नाही. तुझ्यामुळे! पोरीला लळा लावायचा आणि ऐन वेळी पिशवी उचलायची, ही कुठली रीत? लहानपणी विटीदांडूतही तू असंच करायचास, राज्य आलं की घरी.

तेव्हा मी तुला बोलावत नाही. कळावं म्हणून लिहिलं. राहा तिकडे सुखात. दिपालीला आशीर्वाद, तिला मनापासून.

तुझा थोरला भाऊ,
पंढरी

ता. क. जाळी काढली आहे. तुझ्यासाठी नाही, वाऱ्याने फाटत होती. (वारा नव्हता.)

ता. क. आणखी एक. पत्रिकेचा कच्चा मजकूर मीच लिहिला होता. प्रेसवाल्याने जसा दिला तसा छापला. सगळ्यांची नावं आठवून आठवून लिहिली, आणि तुझं लिहायचं सुचलंच नाही, कारण तू आणि मी वेगळे आहोत असं कधी डोक्यातच आलं नाही. छापून आल्यावर कळलं, आणि मग सांगायची हिंमत झाली नाही. चार वर्षं मी त्या बिचाऱ्या प्रेसवाल्याला शिव्या घालतोय. हे वहिनीला माहीत नाही, तिला सांगू नकोस.

ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात दुर्वा आली. कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे पाठ केली, कुंपणाकडे तोंड केलं, आणि सहा आठवड्यांनी म्हणाली, “शांग त्याला, ये.” तर सांगितलं. भगीरथच्या जीपमध्ये बुधवारी पुढची सीट तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगितली आहे. उतरलास की माझ्याकडे तोंड करून बोल. शिव्या दिल्यास तरी चालेल. पोर बघत असते.