आभार मानले, पाय धरले नाहीत

वडगाव रासाई,
९ नोव्हेंबर २०२५

ती. विनोदमामांस,
अपेक्षाचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडं बरे आहोत. थंडी पडल्यापासून आईचा गुडघा धरतोय, पण कामाला खाडा करत नाही. नदीकडच्या रानात ऊसतोड लागलीय, रस्त्याला सगळे ट्रॅक्टरच. मामींचा खोकला थांबला का? सीमाला म्हणावं, बारावीचं वर्ष आहे, मोबाईल जरा बाजूला ठेव.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितेय. आई म्हणाली, "कागद धाड त्याला. घरात आलेला कागद वाचल्याबिगर त्याला जेवान जात न्हाई."

तुमचा राग मला कळतो. नोकरी मेळाव्याला मला तुम्ही नेलंत. दौंडच्या कॉलेजात एवढ्या गर्दीतून सुलक्षणा मॅडमपर्यंत तुम्हीच पोचवलंत. कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीच्या सेफ्टी विभागाच्या प्रमुख, त्यांच्याशी माझ्यासारखीनं कुठं बोलायचं? ते मी विसरणार नाही. पण त्यांना आभाराचा मेल तुम्ही लिहून दिलात तो मी पाठवला नाही, हे खरं आहे. फोनवर एवढंच सांगितलं आणि तुम्ही फोन ठेवलात. पुढचं राहूनच गेलं.

मामा, त्या दिवशी चहाच्या टेबलापाशी मॅडमनी मला एकच सरळ प्रश्न विचारला होता. "केमिस्ट्री झालीय तुझी, मग लॅब सोडून सेफ्टीतच का यायचंय?" मी तोंड उघडायच्या आत मागून तुम्ही बोललात, "गरिबाची पोर हाय मॅडम. कुठंबी लावा, काय बी करंल." मॅडम हसल्या, कार्ड दिलं, पुढं गेल्या. प्रश्न तसाच राहिला.

आणि मग तुमचा मेल आला. "आपल्यासारख्या थोर व्यक्तीचे दर्शन झाले, आपल्या चरणाशी आसरा द्यावा, आपली आज्ञाधारक." खाली वेगळी ओळ टाकली होती: वडलांचं काही काढू नको. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कामाला जाते त्या कोरेगावच्या गोडाऊनमागं बसून मी तो चारदा वाचला. मग पुसला.

मी लिहिलं ते थोडकंच होतं. कालच्या मेळाव्यात मला वेळ दिलात, आभारी आहे. टाकीत उतरायच्या परवान्यावर सही करणाऱ्यानं स्वतः टाकीपाशी जाऊन उभं राहिलं पाहिजे, हे तुमचं भाषणातलं बोलणं डोक्यातून जात नाही. त्यावर माझ्या सेफ्टी डिप्लोमाच्या पुस्तकातलं प्रकरण पुन्हा काढून वाचलं, एक शंका आहे, ती खाली लिहिलीय. ट्रेनीच्या जागा निघाल्या तर अर्ज कुठं करायचा, एवढं कळवलंत तर बरं होईल. दर्शन नाही, चरण नाहीत.

शेवटी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. तेच तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

मी लिहिलं, माझे वडील दत्ता हे कुरकुंभला ठेकेदाराकडं कामाला होते. टाकी साफ करायला उतरले. आतली हवा कुणी तपासली नव्हती. ते वर आले नाहीत. म्हणून मला सेफ्टीत यायचंय.

तुम्ही आत्ता कागद खाली ठेवला असेल. उचला मामा, पुढं वाचा.

आण्णांना त्या कामावर तुम्ही लावलंत, हे आपल्या घरात कुणी बोलत नाही. ठेकेदार दारात येऊन म्हणाला, "गवगवा करू नगा, पोरीला पुढं कुठली कंपनी दारात उभी करायची न्हाई." तुम्ही मान हलवलीत ती माझ्यासाठी, मला माहीत आहे. आईनं तुम्हाला कधी बोल लावला नाही, मीही लावत नाही. पण आण्णा चोरी करताना मेले नव्हते. त्यांचं नाव घ्यायला मी का लाजायचं?

मॅडमचा फोन आला. माझ्या शंकेवरच बोलल्या. मग म्हणाल्या, "मुलाखतीला ये. निवड माझ्या एकटीच्या हातात नाही. तुझा मेल आमच्या एचआरच्या साहेबांनी वाचलाय, आणि त्यांना तो आवडलेला नाही."

मुलाखतीला गेले, तर त्या साहेबांनी मी बसल्या बसल्याच विषय काढला. "वडिलांचं कशाला लिहिलंत? सहानुभूती मिळावी म्हणून?"

मी म्हटलं, "नाही सर. सहानुभूती पाहिजे असती तर पहिल्याच ओळीत लिहिलं असतं. मॅडमनी प्रश्न विचारला होता, त्याचं माझ्याकडं दुसरं उत्तर नाही."

"उद्या इथं प्रॉडक्शनवाले घाई करायला लागले, परवाना आत्ताच पाहिजे म्हणाले, तर?"

"हवा तपासल्याशिवाय माझी सही मिळणार नाही."

"मग तुमच्याशी कुणाचं पटणार नाही."

"नाही पटलं तरी चालेल सर. खाली गेलेला माणूस वर आला पाहिजे."

साहेबांनी माझी फाईल मिटली. मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मला वाटलं, घालवली आपण नोकरी. एसटीत बसून रडले, तेही सांगते. पण पुसलेला मेल पाठवायला हवा होता असं एकदाही वाटलं नाही.

काल पत्र आलं. मला घेतलंय. एक वर्ष ट्रेनी, पुढचं काही कबूल नाही. पाळ्या आहेत, रात्रपाळीसुद्धा. तुम्ही म्हणाल, पोरीच्या जातीला हे कशाला. ते बोलणं आपण समोरासमोर करू, पण निर्णय झालाय. तुमच्या घरी राहणार नाही, कुरकुंभलाच एका मुलीबरोबर खोली बघितलीय. रविवारी मामींच्या हातचं जेवायला येत जाईन.

आई रोजच्यासारखी भाकरी थापत होती. तिला सांगितलं, तर तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाली, "त्यांचं नाव लिवलंस ते बेस केलंस." आण्णांबद्दल एवढं तरी ती कितीतरी वर्षांनी बोलली.

एक तारखेला सकाळी मी कंपनीच्या गेटावर असेन. आई येणार आहे. ती त्या रस्त्यानं आण्णांच्या नंतर गेलेली नाही, आणि तुम्हीही नाही. तुम्ही आलात तर आम्ही दोघी तुमच्या शेजारी उभ्या राहू. नाही आलात तरी मी आत जाणार आहे.

तुमचं न ऐकलेली, तरी तुमचीच,
अपेक्षा