आजीचा अंगठा

नागरा (गोंदिया), ता. ७ ऑक्टोबर २०२४

चि. रेणूस, आजी सुमित्राबाईचा डोक्यावर हात. वि. वि.

तू फोन कर म्हणते. पण मले कमी ऐकू येते, मग तुझी मंजूकाकी फोन मोठ्यानं लावते आणि गल्ली ऐकते. गल्लीले बारा वर्षांपासून सांगून ठेवलं आहे, की मी शुगरची गोळी खाते. म्हणून हे पत्र. मी सांगून राहिली, मंजू लिहून राहिली. एक शब्द गाळायचा नाही, अशी तिले ताकीद आहे.

खुशखबर अशी, की दवाखान्यात नव्या बाई आल्या. त्यांनी रिपोर्ट वाचून सांगितलं, रक्तात एचआयव्ही सापडला नाही. तुझ्या आजोबानं मागं दोन एकर धान, एक रेडिओ आणि हा पाहुणा ठेवला होता. रेडिओ तर कधीचाच बंद पडला, आता पाहुणाही गेला. मी खीर केली. कायची, ते शेजारणीले सांगितलं नाही.

आता तुझा राग. देवळाच्या पायऱ्या चढताना छाती आवळते, एवढंच मी बोलली होती. तर तू गोंदियात छातीची ईसीजीची पट्टी काढायले लावली, आणि आता म्हणते हृदयाची नळी दाटली असेल, नागपूरले ये, हातातून तार घालून फोटो काढू. वरून म्हणते, याले तो पाहुणाही कारण. जो सापडतच नाही, त्याच्यावर आळ कायले घेते? मी काही येत नाही.

तंबाखूची गुडाखू मी पोळ्यापासून सोडली. मंजू काऊन हसून राहिली कोण जाणे. हे लिहू नको, मंजू.

माया पातळ होऊ देऊ नको. खाली माझा अंगठा.

सुमित्राबाई


नागपूर, ता. १४ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस, रेणूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पत्र वाचून आनंद झाला, अंगठा पाहून कमी झाला. तो शाईचा नव्हता. तपकिरी होता, आणि पाकीट उघडताच तुझी सकाळची दात घासायची तंबाखू माझ्या खोलीभर पसरली. पोळा होऊन महिना उलटला, आजी. गुडाखू सोडलीस, तर ती कागदापर्यंत चालत आली का?

आता नीट ऐक. काकी, हा भाग दोनदा वाचून दाखव. सापडला नाही म्हणजे गेला नाही. गोळ्यांनी त्याला इतका दाबलाय, की मशीनला मोजता येत नाही. तो आत लपून आहे, म्हणून गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि तो गप्प असला तरी अंग त्याच्या धास्तीनं कायम लढाईच्या तयारीत राहतं. त्यानं रक्तवाहिन्यांना आतून सूज राहते, त्या सुजेवर चरबी बसते, नळी अरुंद होते. अशा माणसांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्यात तुझी तंबाखू.

तार घालून फोटो काढायची अठ्ठावीस तारीख घेतली आहे. मी नर्स म्हणून वॉर्डात रोज पाहते, छातीत दुखलं तरी उद्या बघू म्हणणारे लोक कसे येतात. तुला तशी आणलेली मला बघवणार नाही. मग मला नावं ठेवायला कोण उरेल?

राग असू दे, पण ये.

तुझी रेणू


नागरा, ता. २१ ऑक्टोबर २०२४

चि. रेणूस, चोरीत सापडलेल्या आजीचा आशीर्वाद. वि. वि.

अंगठ्याचं वाचताना मंजूले इतकं हसू आलं, की पाणी पाजावं लागलं. शाईचं पॅड वाळलं होतं, बोट आधीच भरलेलं होतं, मग लावला. शिकलेल्या नातीले पत्र हुंगायची सवय असेल, हे मले काय माहीत.

पण पोरी, इतकं लांबण कायले लावलं? शेतातली रातची जागल म्हणायचं होतं. माह्या माहेरी, नागझिऱ्याच्या कडेले, एका वर्षी धानात रानडुक्कर आलं. एकदाच. मग माझा भाऊ उदाराम टोळी घेऊन जागलीले बसला. डबे बडवत रोज धुऱ्याच्या बांधावरून पळत. डुक्कर पुन्हा फिरकलं नाही, पण यांच्या पायांनी धुरा ढासळला, बांधीतलं पाणी वाहून गेलं, अर्धं धान वाळलं. बाप डुकराले शिव्या देई, माय उदारामले. आता समजलं, दोघंही बरोबर होते. माझ्या अंगात बारा वर्षं उदाराम नाचून राहिला, आणि मी गुडाखू घासून त्याच्या हाती आणखी एक डबा देत होती.

अठ्ठावीसले येते. गल्लीले सांगितलं, नात शुगर तपासायले नेते. डॉक्टरले सांग, मी तार पाहीन, मगच हात देईन. आणि रडायचं असेल तर आधी रडून घे, तिथं मले हसरी नर्स पाहिजे.

गुडाखूची डबी मंजूच्या पेटीत आहे. कुलूप पक्कं आहे, मी दोनदा ओढून पाहिलं. पाच दिवस झाले. काल म्हशीले विनाकारण बोलली, आज तिची माफी मागितली.

लोभ आहे, तो पायऱ्या चढताना कामी येईल.

पॅड अजून वाळलेलंच आहे. खालचा अंगठा हळदीचा. हुंगून पाह्य.

सुमित्राबाई