अब्बांच्या चाकूचा खटका

प्रिय साजिदभाई,

मुस्कानभाभीला नेमकं झालंय तरी काय, असं तू परवा फोनवर विचारलंस. मी फोन अम्मीकडे दिला. घरात पहिली मी कॉलेजात गेले, म्हणून सगळे माझ्याकडे बघतात, पण केमिस्ट्रीची डिग्री घेतलेल्या मुलीला बाळंतिणीच्या मनातलं कुठून कळणार? तरी मी जे पाहिलंय ते तुला सांगायला हवं. फोनवर जमत नाही. अम्मी फोन स्पीकरवर टाकते आणि सगळं घर ऐकत बसतं. मोबाइलवर टाइप करायला घेतलं की दोन ओळींत सगळं ठीक आहे असंच लिहिलं जातं. म्हणून वहीच्या कागदावर लिहितेय, फोटो काढून पाठवेन. घरचं बोलणं मराठीतच लिहिते. आपण दोघं ढाणकीच्या मराठी शाळेत शिकलो, मला लिहायला हीच भाषा हाताशी येते.

मी फार थकलेय रे. तक्रार म्हणून नाही सांगत. शिकवणीची मुलं येतात, त्यांना मी पाढे म्हणायला लावते आणि मधेच मला कळत नाही की कितवा पाढा चाललाय. तुझी सिदरा दिवसभर माझ्या नाहीतर अम्मीच्या मांडीवर असते. छान वाढतेय. ढेकर काढताना तिचा चेहरा अगदी तुझ्यासारखा रागीट होतो. भाभी तिला दूध पाजते आणि लगेच परत देते, जसं शेजारणीचं मूल कुणी क्षणभर धरायला दिलं होतं. कपडे वाळत घालताना हातात ओला टॉवेल घेऊन उभी राहते ती उभीच. तिची आई असती तर ती फुलसावंगीला माहेरी गेली असती, तिथे कुणाजवळ तरी बोलली असती असं मला वाटतं. पण आई नाही, आणि इथे आम्ही.

तू सिदराचा अकीका, जावळ-नाव सगळं करून पुण्याला गॅरेजवर परत गेलास, त्याच्या आधीपासूनच अब्बांचा तो घडीचा चाकू तिच्या उशाखाली आहे, ते तुला माहीतच आहे. अम्मीने पेटीतून काढून स्वतः ठेवला. लोखंड जवळ असलं की काही जवळ येत नाही, असं तिचं म्हणणं. मी विरोध केला होता, आठवतं? कॉलेजच्या शिबिरात गावोगाव अंधश्रद्धेवर पथनाट्य करणारी मुलगी मी, आणि माझ्याच घरात उशाखाली चाकू. शिकलेल्या माणसाने घरापासून सुरुवात करावी, असं मी अम्मीला म्हटलं. ती म्हणाली, सुरुवात कर, आधी भांडी घास. इंदुताई शेजारून आल्या, त्याही तिच्याच बाजूच्या. "आमच्याकडं विळा ठेवतेत, तुमच्याकडं चाकू. काहून वं उमेरा, तुह्या पुस्तकाले लोखंडाची कायची अडचण?" मी हरले आणि भांडी घासायला गेले.

मग तो दिवस. मी भाभीच्या खाटेवरची चादर बदलायला गेले, उशी उचलली, तर चाकू उघडा. पातं पूर्ण बाहेर, आणि तिथून वीतभर अंतरावर सिदराचं दुपटं. सिदरा त्या वेळी अम्मीकडे होती, म्हणून. मी ओरडले तशी अम्मी धावत आली. मला वाटलं, आता तरी ती हा प्रकार बंद करेल. पण अम्मी डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि चाकूला हात लावून म्हणाली की बघ, काहीतरी आलं होतं, यानेच अडवलं. इंदुताईंनी तर हात जोडले. "आपोआप उघडला म्हंजे वार झेलला त्यानं." अम्मीने त्याच दिवशी सदका म्हणून मशिदीजवळ बसणाऱ्या बाईला तांदूळ नेऊन दिले. म्हणजे जो चाकू बाळाला लागणार होता, तोच बाळाला वाचवणारा ठरला. आणि भाभी खाटेच्या कडेला बसून हे सगळं ऐकत होती. नजर चाकूवरून हलत नव्हती. तेव्हा मला ते भीतीमुळे वाटलं.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला, तर तू म्हणालास, खटका ढिला झाला असेल, अब्बांना सांगून बसवून घे, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला. मला राग आला, पण तुझं बरोबर होतं, खटका ढिलाच होता. दुसऱ्या दिवशी मी चाकू घेऊन अब्बांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. अब्बांच्या समोर कुणाचा तरी स्टोव्ह उघडून पडला होता, तो त्यांनी बाजूला सारला. तू लहानपणी हे काम पाहिलं असशील, मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. मुठीच्या पाठीत एक लोखंडी पत्ती असते. ती पात्याच्या बुडातल्या खाचेत बसते आणि पात्याला जागेवर धरते, तोच खटका. आपल्या चाकूची पत्ती वर उठली होती, खाचेची कड गोल झाली होती आणि पातं ज्या खिळीवर फिरतं ती खीळही हलत होती. अब्बांनी कानशीने खाचेची कड पुन्हा धारदार केली. पत्ती काढून, जरा वाकवून परत बसवली. मग खीळ ऐरणीवर धरून हलक्या हाताने ठोकली, दर दोन ठोक्यांनी पातं हलवून बघत.

मी शेजारी बसून ती खीळ बघत होते. सगळा चाकू काळपट, पेटीत वर्षानुवर्षं पडलेला, आणि खिळीभोवतीची पितळेची चकती मात्र सोन्यासारखी चकचकीत. खाचेच्या बाजूलाही नवी चमक. पडून राहिलेल्या वस्तूला अशी चमक येत नाही. ती हाताने येते. कुणीतरी तो चाकू उघडत होतं आणि मिटत होतं, पुन्हा उघडत होतं, इतक्या वेळा की लोखंड झिजलं. मी अब्बांकडे पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं असावं, कारण ठोकणं थांबवून त्यांनी त्या चकतीवरून बोट फिरवलं. मग चाकू पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आता घट्ट आहे.

घट्टच होता. उघडला की खट्ट असा आवाज व्हायचा आणि पातं जराही हलायचं नाही. तो घेऊन मी घरापर्यंत आले आणि दारातच थांबले. अंगणात दोरीवर दुपटी वाळत होती. भाईजान, आपण सगळ्यांनी मिळून एक चांगला, धारदार, न घसरणारा चाकू दुरुस्त करून भाभीच्या उशाखाली ठेवायला निघालो होतो. मी तो ओढणीत गुंडाळून माझ्या पुस्तकांच्या मागे ठेवला. अम्मीला सांगितलं, दुरुस्तीला आहे.

दुपारी जेवणं झाल्यावर मी भाभीजवळ जाऊन बसले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिचा अंगठा उशीखाली काहीतरी चाचपत होता, जिथे चाकू नव्हता. मी विचारलं, तू उघडायचीस ना तो? तिने नाही म्हटलं नाही. आवाज ऐकला की जरा बरं वाटतं, म्हणाली. मग पाय पोटाशी घेतले. मला वाटलं झोपली. तर तशीच भिंतीकडे बघत तिने मला विचारलं, मी नसले तर सिदराला तुम्ही नीट सांभाळाल ना? आवाजात रडणं नव्हतं. बाजारात जाताना घरावर लक्ष ठेव म्हणतात, तसं विचारलं.

मी अम्मीला सांगितलं. ती वाईट नाही रे, तिने आपल्याला कसं वाढवलं ते मला माहीत आहे. पण ती म्हणाली, सगळ्या बाळंतिणी असंच काहीबाही बोलतात, तुझ्या वेळी मी पण विहिरीकडे बघत बसायची. हे ती हसत म्हणाली, पोळी लाटता लाटता. तिला त्या वेळी कुणी काही विचारलं नसेल, म्हणून तिला हे विचारायची गोष्टच वाटत नसेल. मग ती चिडली. लोखंड काढून घेतलंस म्हणून मुस्कान असं बोलायला लागली, म्हणाली, आजच्या आज चाकू आणून दे. आणि मी खरंच इतकी दमले होते की वाद घालायची ताकद नव्हती.

मग मी एक केलं. दुकानात जाऊन अब्बांना म्हटलं, हा चाकू मला कायमचा मिटवून हवाय. त्यांनीच एवढ्या मेहनतीने नीट केलेला खटका, आणि मी तो वाया घालवायला निघाले होते. त्यांनी कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाले, नागोरावला सांग, मूठ जळू देऊ नको. नागोरावकाका वेल्डिंगच्या दुकानात एकटेच होते. चाकू उलटसुलट करून पाहिला आणि हसायला लागले. "लोकं चाकू उघडत नाही म्हणून येतात, अन् इकबालमियाची पोरगी बंद कराले आली. बीएस्सी करून हेच शिकून राह्यली का वं?" मी हसले नाही तसं त्यांनी पुढे विचारलं नाही. मुठीच्या लाकडाला ओलं फडकं गुंडाळलं आणि मिटलेल्या पात्यावर एक आणि बुडाशी एक असे दोन टाके मारले. चाकू थंड झाल्यावर मी नखाने ओढून पाहिला, मग पकडीने. उघडला नाही.

तो मी भाभीच्या हातातच दिला, अम्मीच्या समोर. अम्मीचं समाधान झालं, लोखंड ते लोखंडच. ती चहा टाकायला गेल्यावर भाभीने पातं उघडायला नख घातलं. पुन्हा घातलं. मग टाक्यावरून अंगठा फिरवला. कुणी केलं, म्हणाली. मी म्हटलं, मी. तिचं तोंड हळूहळू वाकडं झालं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. म्हणाली, मला वाटलं कुणाला कळतच नाहीये.

मला समजतं भाईजान, एक चाकू बंद केल्याने काही होत नाही. घरात विळी आहे, सुरी आहे, अम्मीची ती विहीरही अजून आहे. म्हणून हे पत्र. हे मी घरून लिहीत नाहीये. आज सकाळी पहिल्या एसटीने भाभीला आणि सिदराला घेऊन मी यवतमाळला आले आणि आत्ता हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसलेय. अम्मीने दारात अडवलं, साजिदला विचारल्याशिवाय सून घराबाहेर जाणार नाही म्हणाली. अब्बा उठले आणि आमची पिशवी उचलून स्टँडवर घेऊन गेले. तुला मी मुद्दाम विचारलं नाही. तू थांब म्हणाला असतास, मी येतो मग बघू म्हणाला असतास, आणि मला थांबायचं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी भाभीशी दार लावून खूप वेळ बोलून घेतलं. बाळंतपणानंतर असा आजार होतो, औषधाने बरा होतो, पण आत्ता तिला एकटं ठेवायचं नाही, म्हणाल्या. भाभी सिदराला कुशीत घेऊन वॉर्डात झोपली आहे. अम्मीचा फोन तुला येईलच, तिच्या आधी माझ्याकडून कळावं असं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी भाभीचा नवरा कुठे आहे विचारलं, मी पुण्याला म्हटलं. भरती करायला घरच्या कुणाची तरी सही लागत होती. ती मी केली आहे.

तुझीच बहीण,
उमेरा